ओट्याची उंची

माधव नगर, उज्जैन
१४ मार्च

प्रिय रजनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून सगळ्यात आधी हे लिहून टाकतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही, आणि गॅसचं बटण खालून बंद केलेलं आहे. आता निवांत बस आणि वाच. फोन असताना पत्राची झंझट कशाला, असं तुला वाटेल. पण आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीतच आहे. तू विचारतेस, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. तू विचारतेस, गोळी घेतली का. मी म्हणतो, घेतली. मग तू म्हणतेस, बरं, ठेवते. दिवाळी झाल्यावर पाठीला आराम म्हणून तू पंधरा दिवसांसाठी लेकीकडे नाशिकला गेलीस, त्याला आता चार महिने झाले, आणि एवढ्या दिवसांत आपल्या घरात काय चाललंय ते मी तुला सांगितलं नाही. तेजूलाही शपथ घातली होती. काल प्रकाश मिस्त्री थापी, घमेलं, ओळंबा सगळं आवरून गेला. घर धुऊन झालं. म्हणून आज लिहायला बसलोय.

सुरुवात खिचडीपासून झाली. डबा देणारी बाई भाचीच्या लग्नाला गावी गेली आणि आठ दिवस माझं मलाच रांधावं लागलं. पहिल्या दिवशी खिचडी करपली, दुसऱ्या दिवशी तिची पेज झाली, तिसऱ्या दिवशी चक्क जमली. पण कांदा-बटाटा चिरून सरळ उभं राहायला गेलो तर कंबरेत अशी कळ आली की ओटा धरून उभा राहिलो. नेमका तेव्हाच प्रकाश न्हाणीघरातली गळती बघायला आला होता. दारातूनच म्हणाला, "बाबूजी, आप तो पूरे झुक के काम कर रहे हो. प्लेटफॉर्म बहुत नीचा है आपका." मी म्हणालो, "माझा कसला? हा तर आंटीजींचा आहे." त्यानं सहज विचारलं, "तो आंटीजी की हाइट क्या है?"

रजनी, मला सांगता आलं नाही.

अठ्ठावीस वर्षं मी पीडब्ल्यूडीत काढली. जिन्याची पायरी अर्धा इंच चुकली तर ठेकेदाराला ती फोडायला लावायचो, हे तूच पाहुण्यांना कौतुकानं सांगायचीस. आणि माझ्या स्वतःच्या घरात मला माझ्या बायकोची उंची माहीत नव्हती. टेप आणून ओटा मोजला. तीस इंच. ८६ साली घर बांधलं तेव्हा मीच तो घालून घेतला होता, आईच्या मापानं. आई पाच फुटांनाही दोन बोटं कमी. तिला तो बरोबर होता. दोन वर्षांनी तू आलीस आणि त्याच ओट्यावर वाकलीस, ती सदतीस वर्षं वाकूनच उभी राहिलीस. तुझ्या पाठीसाठी मी एक्स-रे काढवले, पट्टा आणला, इंदूरहून तेल मागवलं. टेप मात्र कधी आणली नाही.

मग तेजूला फोन केला. ती आधी खूप हसली, मग तुझं माप घ्यायला तयार झाली. एके दिवशी नवीन कुर्ता शिवायचाय म्हणून तिनं तुला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं होतं, कोपरापर्यंतचं मापही घेतलं होतं, आणि तू म्हणालीस की कुर्त्याला कोपर जमिनीपासून कशाला मोजतेस, तो कुर्ता ह्या ओट्याचा होता. तू पाच फूट साडेपाच इंच आहेस. आता तुझ्या कोपरापासून सहा इंच खाली ओटा येतो. नुसता उंच केला नाही, तर शेगडीचा भाग तीन इंच खाली ठेवलाय, कारण शेगडीची स्वतःची उंची असते आणि वर मोठं पातेलं ठेवलं की ढवळताना खांदा उचलावा लागतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. विटा रचून, वर पाट टाकून, चार दिवस त्यावर स्वयंपाक करून बघितला तेव्हा कळलं. कुणालाही ओटा बदलायचा असेल तर माझं हेच सांगणं राहील, आधी विटांचा खोटा ओटा रचा आणि त्यावर पोळ्या लाटा. माझ्या पोळ्यांबद्दल विचारू नकोस. सुलूवहिनी कुंपणावरून बघून म्हणाल्या, "भावोजी, हा कोणत्या राज्याचा नकाशा?"

काळा कडप्पा काढला. त्याच्यावर सांडलेलं पाणी दिसत नाही, डाळीतला खडा दिसत नाही, मुंगी तर नाहीच नाही. आता फिकट रंगाचा दगड आहे. खाली दारांची कपाटं होती, ज्यांत मागचा डबा काढायला तू गुडघ्यावर बसायचीस, तिथे आता ओढायचे खण आहेत. खण ओढला की मागचा डबा आपण होऊन पुढे येतो. आणि पूर्वेची खिडकी! मांजर दुधाला तोंड लावतं म्हणून मी तिला पत्रा ठोकला होता, आठवतं? तेजू तेव्हा दुसरीत होती. ते मांजर जाऊन किती वर्षं झाली असतील, पत्रा मात्र तसाच. प्रकाशनं तो उचकटला आणि ऊन थेट समोरच्या भिंतीवर जाऊन बसलं. आम्ही दोघंही बघतच राहिलो. मी म्हटलं, "अरे, इथे दिवसा ट्यूबलाइट लावायचो रे आम्ही." आता तिथे बारीक जाळी आहे, काढून धुता येईल अशी.

एकदा डोळे उघडले की घर माणसाला स्वस्थ बसू देत नाही. मी एक वही घेतली आणि आठवडाभर घरातली तुझी सगळी कामं केली. जिथे वाकावं लागलं, जिथे चाचपडावं लागलं, जिथे एका वस्तूसाठी तीन खेपा झाल्या, तिथे खूण केली. अडतीस खुणा झाल्या. न्हाणीघराची फरशी गुळगुळीत होती आणि उतार भलतीकडेच, त्यामुळे पाणी दारात साचायचं आणि तू रोज झाडूनं ते लोटायचीस. मला ते कधी दिसलं नाही, कारण माझी आंघोळ तुझ्या लोटण्यानंतर व्हायची. आता खरखरीत फरशी आहे, उतार मोरीकडे, आणि भिंतीला धरायला दांडा. दांडा लावताना प्रकाशला सांगितलं, स्क्रू विटेत गेला पाहिजे, नुसत्या प्लास्टरमध्ये नको, आणि दोघांनी आळीपाळीनं त्याला लोंबकळून बघितलं. झोपायच्या खोलीतलं दिव्याचं बटण कपाटाआड होतं. ते दाराशी आणलं, आणि दुसरं एक पलंगापाशी.

सगळं सरळ पार पडलं असं समजू नकोस. रंगात मी सपशेल आपटलो. दुकानात इवल्याशा कागदावर फिका पिवळा बघितला, बढिया वाटला, आणि पुढची अख्खी खोली रंगवून घेतली. भिंतीवर चढल्यावर तो असा भडकला की सुलूवहिनींनी विचारलं, हळद कुणाची आहे. दोन दिवस मी त्या खोलीत बसलो नाही. मग शहाणपण आलं. दोन फूट बाय दोन फुटांचे तीन तुकडे वेगवेगळ्या रंगांनी रंगवले आणि सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर असे तीनदा बघितले. आता साईसारखा रंग आहे. छत मात्र शुभ्र पांढरं ठेवलं, त्यानं खोली उंच वाटते आणि उजेड खाली परततो.

बाहेरच्या बागेत तर मी आधी गुन्हाच केला. तू गेल्यावर प्रेमानं सगळ्या कुंड्यांना दोन्ही वेळा पाणी घातलं आणि महिनाभरात जास्वंद, दोन गुलाब आणि तुझा लाडका ओवा कुजवला. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, हे मला रस्त्यांच्या पायासाठी पाठ होतं, कुंडीसाठी नव्हतं. देवास गेटच्या पुढे जी रोपवाटिका आहे, तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं मला चांगलंच झापलं. म्हणाला, "साहब, पौधा प्यास से कम, लाड़ से ज़्यादा मरता है." मग त्यानं शिकवलं, तसं केलं. अर्धी माती, बाकी वाळू आणि शेणखत, भोकांवर खापराचे तुकडे, वरून वाळलेल्या पानांचा थर. पाणी घालायच्या आधी बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच घालायचं. कुंड्या आता जमिनीवर नाहीत, कंबरेच्या उंचीच्या कट्ट्यावर आहेत, म्हणजे तण काढायला वाकणं नाही. पश्चिमेला हिरवी जाळी बांधलीय, वैशाखात भिंत तापू नये म्हणून. फाटकाजवळ एक बाक टाकलाय. त्यावर रोज संध्याकाळी मी आणि सुलूवहिनींचे यजमान बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची विनाकारण चौकशी करतो. इतकी वर्षं घराचं अंगण आपण फक्त गाडी लावायला वापरलं, याचं नवल वाटतं.

आता जे लिहायचंय त्यासाठी मघापासून मी कुंड्यांमध्ये रेंगाळतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

रंग देण्यासाठी बैठकीतले पडदे काढले, तेव्हा प्रकाशनं मधल्या दाराचा तो निळा पडदा हातात धरला आणि उलटसुलट करून बघायला लागला. तो मूळचा भैरवगढचा. म्हणाला, "बाबूजी, ये तो हमारे यहाँ का काम है. हाथ का ठप्पा है. किसने छापा?" मी म्हणालो, बाजारातून आणला असेल. आणि बोलता बोलता जीभ अडली. कारण तो बाजारातून आणलेला नव्हता. तो तू छापला होतास. माझ्या डोळ्यांसमोर तो अठ्ठावीस वर्षं लटकत होता, आणि मी त्याच्या आतबाहेर करत होतो.

मग सगळं आठवलं. आठवलं म्हणजे, विसरलो होतो असं दाखवायची सवय मोडली. तेजू शाळेत जायला लागल्यावर तू आठवड्यातून दोन दुपारी टेंपोनं भैरवगढला जायचीस, जुबेदा आपांकडे छपाई शिकायला. आठ-नऊ महिने गेलीस. तुझ्या नखांच्या कडा निळ्या असायच्या आणि तू काम करताना गुणगुणायचीस. मग एका रविवारी, माझे ऑफिसमधले दोघं जेवायला आले होते, आईही बसली होती, तू वाढता वाढता म्हणालीस की मागची खोली मोकळीच आहे, तिथे एक लांब टेबल टाकलं आणि मागच्या अंगणात दोऱ्या बांधल्या तर मला घरीच छापता येईल. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हे घर आहे, कारखाना नाही." पाहुणे हसले. तूही हसलीस आणि कढी आणायला आत गेलीस. पुढच्या आठवड्यात त्या खोलीत मी माझा ड्रॉइंग बोर्ड आणि फायलींची दोन कपाटं नेऊन टाकली. गरज होती म्हणून नव्हे. खोली भरलेली दिसावी म्हणून. तू पुन्हा भैरवगढला गेली नाहीस, आणि तो विषय तू परत कधीच काढला नाहीस. मला वाटायचं, हौस होती, फिटली. खरं म्हणजे मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

मी भैरवगढला गेलो. प्रकाशनं घर दाखवलं. जुबेदा आपा आता ऐंशीच्या पुढे आहेत, खाटेवर बसून नातसुनांना ओरडत असतात. मी म्हणालो, माधव नगरातून आलोय, माझी बायको तुमच्याकडे शिकायला यायची, रजनी. त्यांनी क्षणभर डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "वो लंबी वाली मराठी बाई? अरे, उसका हाथ कितना सीधा चलता था! दूसरी लड़कियाँ डोरी लगाकर छापती थीं, वो आँख से छाप देती थी. मैंने तो बोला था, तू रुक जा, साल भर में मुझे सिखाएगी." मग विचारलं, "फिर आई क्यों नहीं? मैंने सोचा, साहब की बदली हो गई." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकलो असतो. पण मी म्हणालो, "बदली नहीं हुई थी. मैंने मना किया था." त्यांनी एका नातसुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. चहा आल्यावर एवढंच विचारलं, "अब कैसी है?"

रजनी, तुझा हात सरळ चालतो हे मला एका परक्या बाईनं सांगितलं. मला किती आनंद झाला आणि किती लाज वाटली, याचं माप माझ्या टेपवर नाही.

मागची खोली रिकामी केली. फायली रद्दीत गेल्या. त्यांतली एकही गेल्या दहा वर्षांत उघडली नव्हती. जुबेदा आपांकडून सगळं नीट विचारून घेतलं. टेबल उभ्यानं छापणाऱ्याच्या कंबरेला लागेल इतकं उंच हवं, वर तरटाचे थर आणि त्यांवर धुतलेलं सुती कापड ताणून बसवायचं, फार मऊ नको आणि फार कडकही नको. उजेड डाव्या हाताकडून यावा, म्हणजे ठशाची सावली छापायच्या जागेवर पडत नाही, म्हणून तिकडची भिंत फोडून मोठी खिडकी काढली. मागच्या अंगणात नळ घेतला, धुण्यासाठी सिमेंटचा हौद केला, आणि रंगाचं पाणी झाडांत जाऊ नये म्हणून त्याला वेगळा शोषखड्डा. वाळत घालायच्या दोऱ्या तुझा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर आहेत. परवा रंगपंचमीला जुबेदा आपांची धाकटी नातसून येऊन सगळं बघून गेली. बोटानं टेबल दाबलं आणि म्हणाली, "सही है." ठेकेदारांची बिलं पास करताना मी कितीतरी वेळा अशीच मान हलवली असेन, पण माझं काम पास झाल्यावर इतका आनंद मला नोकरीतसुद्धा झाला नव्हता. प्रकाशला आणि तिला पोहे-जलेबी खिलवली. पोहे मी केले होते, आणि संपले.

आता हे पत्र आज का लिहितोय ते सांगतो. गेल्या रविवारी तेजूचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा, आईला इथेच राहायचंय. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक लहान घर रिकामं आहे, ते ती बघून आलीय. तुम्हाला कसं सांगावं हे तिला सुचत नाहीये, म्हणून रोज फोन ठेवून देते." त्यानंतर दोन दिवस मी संध्याकाळी बाकावरही जाऊन बसलो नाही, हे खरं. मग मला आठवलं की गेल्या महिन्यात एकदा तू फोन नीट बंद केला नव्हतास आणि मला तुझं हसणं ऐकू आलं होतं, तुझ्या तिथल्या मैत्रिणींबरोबरचं, मोठ्यानं. तसं हसणं मी ह्या घरात फार वर्षांत ऐकलं नव्हतं. तेव्हा तुला सांगायला जड जाऊ नये म्हणून मीच लिहितो, मला कळलंय, आणि मला राग आलेला नाही. घर बदललंय, आता परत ये, असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. घर मी बदललं कारण ते तसं आधीच असायला हवं होतं. तुला इथे येऊन काम करावंसं वाटलं तर खोली तयार आहे. नाही वाटलं तर टेबल खिळ्यांचं नाही, नट-बोल्टचं आहे, तासाभरात सुटं होतं आणि टेंपोत मावतं. शुक्रवारच्या गाडीनं मी नाशिकला येतोय. तेजूकडे पाहुणा म्हणून चार दिवस राहीन, तू दाखवशील ते बघेन, तुझ्या मैत्रिणींसमोर शहाण्यासारखं वागेन. तुला न्यायला येत नाहीये. ते तळमजल्याचं लहान घर तू घेतलंस तर त्यात मला राहू देशील का, एवढंच समोर बसून विचारायचंय. उत्तर लगेच नको. मी थांबेन.

तुझाच,
विनायक